थेंब डोळ्यात, चव जिभेवर: लिफिटेग्रास्टचे पाच महिने

लिफिटेग्रास्ट ५ टक्के, कोरड्या डोळ्यांवरचं माझं नवं औषध: सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. नवं म्हणजे माझ्यासाठी नवं. अमेरिकेत त्याला २०१६ मध्येच मान्यता मिळाली. पहिल्या पंधरवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या.

त्याआधी दोन वर्षं कृत्रिम अश्रूंवर काढली. टाकले की अर्धा तास बरं, मग पुन्हा पापणीखाली वाळू. गंमत म्हणजे डोळे कोरडे, आणि वाऱ्यात गेलं की घळाघळा पाणी! तपासणीत पापणीत अडकवलेली कागदी पट्टी पाच मिनिटांत जेमतेम ४ मिलिमीटर भिजली. साधारण १० च्या वर भिजायला हवी. डॉक्टर म्हणाल्या, "आत सूज आहे, वरून पाणी शिंपडून भागणार नाही." या औषधाने सूज वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींना डोळ्याच्या पृष्ठभागावर धरून बसायला जागा मिळत नाही.

पहिल्या थेंबाला डोळा चरचरला, ते ठीक. पण दोन-तीन मिनिटांनी जिभेवर तांब्याचं नाणं ठेवल्यासारखी चव! डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून अश्रूंची नळी नाकात उतरते, तिथून औषध घशात येतं. थेंब टाकून डोळा मिटायचा आणि तो कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. माझ्या जिभेवरची ती चव निम्म्याने कमी झाली.

माझा गाढवपणाही सांगतो. चरचर थांबावी म्हणून महिनाभर मी थेंबामागोमाग कृत्रिम अश्रू टाकत होतो, म्हणजे औषध स्वतःच धुऊन काढत होतो. मध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्या. लेन्स लावत असाल तर आधी काढा, पंधरा मिनिटांनी घाला. वायल, म्हणजे थेंबांची छोटी कुपी, एका वेळेचीच. उरलेला थेंब संध्याकाळसाठी ठेवायचा मोह मलाही झाला, पण आत जंतू वाढू न देणारं प्रिझर्वेटिव्ह नसतं, फेकूनच द्यायची.

फरक सातव्या आठवड्यात कळला. पहाटे डोळे उघडताना पापणी सोलल्यासारखी सुटायची. एके दिवशी ती नुसती उघडली. मी तसाच पडून दोन-चार वेळा उघडझाप करून पाहिली.

परवा पुन्हा पट्टी लावली: ७. डॉक्टर खूश, मी अर्धा. वाऱ्यातलं पाणी थांबलं, पण स्क्रीनपुढे तासभर बसलं की जळजळ आहेच, आणि तिथे कृत्रिम अश्रू सुटलेले नाहीत. पुढचे तीन महिने चालू ठेवतोय. नाण्याची चव अजून येते.