सन अल्ट्रा 10 मध्ये सनपीसीआय 2 कार्ड: नागपुरात नऊ महिने वापरल्यानंतर

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. तेव्हापासून मला एकच गोष्ट विचारली जाते: काका, या भागातले जुने नाले कुठून वाहायचे, तुमच्याकडे नकाशा असेल ना? नकाशा आहे. 1999 ते 2002 या काळात आम्ही नाग नदीच्या पाणलोटातले नाले-ओढे टोपोशीटवरून (सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापील नकाशांवरून) एकेक रेघ करत डिजिटाइझ केले होते. पण ते सगळं काम आर्क-इन्फो या नकाशांच्या सॉफ्टवेअरच्या कव्हरेजमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या फाइल-प्रकारात आहे, आणि आर्क-इन्फो माझ्या जुन्या सन अल्ट्रा 10 या सन कंपनीच्या कॉम्प्युटरवर. मागणाऱ्याला मात्र ऑटोकॅडचं ड्रॉइंग हवं असतं, त्यावर गावांची आणि नाल्यांची नावं मराठीत. या दोन गोष्टींची गाठ एकाच टेबलावर घालायची म्हणून मागच्या ऑक्टोबरात मी सनपीसीआय 2 कार्ड घेतलं, जुनंच. आता जुलै चालू आहे. मधला उन्हाळाही त्यानं पाहिला, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

हे कार्ड म्हणजे एक अख्खा पीसी आहे. सनच्या पीसीआय स्लॉटमध्ये बसतं, त्यावर 600 मेगाहर्ट्झचा इंटेल सेलेरॉन आहे, स्वतःची मेमरी आहे, मागे व्हीजीए, नेटवर्क आणि यूएसबीची तोंडं आहेत. सनच्या मशिनमधला स्पार्क प्रोसेसर विंडोजचे प्रोग्रॅम चालवू शकत नाही, म्हणून सननं हा मार्ग काढला. पहिल्या सनपीसीआयवर एएमडीचा के6-2 होता, त्याही आधी एसबस स्लॉटच्या जुन्या सन मशिनसाठी सनपीसी नावाची कार्डं होती. इथे नक्कल नाही, इंटेलचं काम खरोखर इंटेलची चिप करते. विंडोज मात्र सोलारिसच्या (सनच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) पडद्यावर एका खिडकीत उघडतं. माझ्याकडे सोलारिस 8 आहे आणि कार्डावर विंडोज 2000.

पार्सल आलं तेव्हा पहिला ठोसा बसला. कार्डाबरोबर पॅरलल आणि सीरियल पोर्टाची वेगळी पट्टी असायला हवी होती. विकणाऱ्यानं फोटोत ती दाखवली होती, खोक्यात नव्हती. माझ्या जुन्या देवनागरी फाँटच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (लायसन्सची किल्ली) पॅरलल पोर्टालाच लागतो, म्हणजे पट्टी नाही तर मराठी नाही. तीन आठवडे मेल लिहिले, एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी दुसरीकडून नुसती पट्टी मागवली आणि तिची किंमत कार्डाच्या निम्मी पडली. कोणी घेणार असाल तर पैसे देण्याआधी पट्टीचा आणि केबलचा फोटो समोर ठेवून विचारा.

विंडोज बसवायला एक संध्याकाळ लागली. कार्डासोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार स्क्रिप्ट आहे, तिच्यामार्फतच बसवायचं, थेट सीडीवरून नाही, नाहीतर कार्डाचे ड्रायव्हर येत नाहीत.

आता ज्यासाठी हे घेतलं ते सांगतो. विंडोजची सी ड्राइव्ह म्हणजे सोलारिसमधली एकच मोठी फाइल. आणि सोलारिसमधलं माझं होम फोल्डर विंडोजमध्ये ड्राइव्ह म्हणून दिसतं. डावीकडच्या खिडकीत आर्क-इन्फो उघडं असतं. तिथे नाल्यांच्या कव्हरेजवर आर्क-डीएक्सएफची आज्ञा देतो, ऑटोकॅडला वाचता येणारी डीएक्सएफ फाइल होम फोल्डरमध्ये पडते. उजवीकडे ऑटोकॅड 2000 मध्ये तीच फाइल उघडतो, लाव्याच्या टेकड्यांवरून उतरणारे ओढे, अंबाझरीचा सांडवा, खाली नाग नदी, सगळं आपल्या जागी. फाइल कुठे कॉपी केली नाही, पेन ड्राइव्ह नाही, नेटवर्क नाही. एखादा नाला चुकीच्या जागी तुटलेला दिसला तर डावीकडे जाऊन दुरुस्त करायचा, पुन्हा आज्ञा द्यायची, उजवीकडे पुन्हा उघडायचा. दहा वर्षं मी हे दोन खोल्यांतल्या दोन मशिनवर करत होतो आणि कोणती फाइल ताजी यातच अर्धा जीव जायचा. तो गोंधळ आता उरला नाही, आणि माझ्या दृष्टीनं कार्डाची सगळी किंमत यातच वसूल झाली.

एक सावधगिरी. कव्हरेजचं फोल्डर विंडोजमधून कधी हलवू नका, नाव बदलू नका. प्रत्येक कव्हरेजची माहिती शेजारच्या इन्फो नावाच्या फोल्डरमध्येही असते. नुसतं कव्हरेज उचललं की ते मोडतं. हलवाहलव करायची ती आर्क-इन्फोच्या आतूनच. तसंच सोलारिसमधली टेक्स्ट फाइल नोटपॅडमध्ये सलग एका ओळीत दिसते, ती आधी युनिक्स-टू-डॉसमधून काढावी लागते.

वेगाबद्दल विचाराल तर ऑटोकॅड 2000 ला 600 मेगाहर्ट्झ पुरतात. अडतं ते दुसरीकडे. कार्डाचा प्रोसेसर स्वतंत्र असला तरी सी ड्राइव्हचं वाचणं-लिहिणं सोलारिसमार्फत होतं. डावीकडे मोठ्या कव्हरेजवर क्लीन (रेघांच्या चुका साफ करणारी आज्ञा) चालू असलं की उजवीकडे विंडोज घोटभर पाणी प्यायला थांबल्यासारखं थांबतं. खिडकीत झूम केलं की रेघा हळूहळू उमटतात. त्यावर उपाय आहे, कार्डाच्या स्वतःच्या व्हीजीए तोंडाला दुसरा मॉनिटर लावायचा. मी जुना पंधरा इंची लावला आणि झूम एकदम सुटसुटीत झालं. खिडकीतच काम करायचं असेल तर सनचा पडदा आधी 24 बिट रंगांवर आणा. 8 बिटांवर असताना माऊस विंडोजच्या खिडकीत गेला की बाकीच्या पडद्याचे रंग विस्कटायचे.

उन्हाळ्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं. अल्ट्रा 10 च्या पेटीत हे कार्ड म्हणजे आणखी एक चूल. एप्रिलच्या शेवटी विंडोज दुपारी तीनच्या सुमारास गोठायला लागलं, सोलारिस ठीक. पेटी उघडली तर कार्डावरचा छोटा पंखा फिरत होता, पण पात्यांवर धुळीचा थर आणि बेअरिंग सुकलेलं. सीताबर्डीवर दुरुस्तीवाल्या पोराकडे नेलं. त्यानं बोट लावून पाहिलं आणि म्हणाला, “काका, हा फिरून तर राहिला, पण हवा नाही देऊन राहिला.” त्याच मापाचा पंखा काढला, जुन्याची पिन कापून नव्याला डाग दिला, खालची सुकलेली पेस्ट खरवडून नवी लावली. अर्धा तास लागला. त्यानंतर नवतपातही, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांतही, गोठलं नाही, पण मी मशिन सकाळी सहा ते अकरा एवढंच चालवलं. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, थंडावा मिळतो पण ओल आत जाते. एसीच्या खोलीत ठेवता आलं तर उत्तम, माझ्याकडे तशी सोय नाही.

लाइट गेली की इथे दोन संसार एकदम पडतात. सोलारिसची डिस्क तपासणी वेगळी, विंडोजची वेगळी, आणि विंडोजची सी ड्राइव्ह ज्या फाइलमध्ये आहे तीच अर्धवट लिहिलेली असू शकते. डिसेंबरात एकदा तसं झालं आणि विंडोज नव्यानं बसवावं लागलं. तेव्हापासून यूपीएस घेतला, सोलारिसच्या फाइल सिस्टिमला लॉगिंग (बदलांची आधी नोंद ठेवणं) चालू केलं, आणि दर शनिवारी विंडोज बंद करून ती एक फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी करतो. अख्खा पीसी एका फाइलीत, बॅकअप घ्यायला इतकी सोपी गोष्ट मी दुसरी पाहिली नाही.

कार्डाशी थेट संबंध नसलेली, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. अल्ट्रा 10 चा होस्टआयडी, म्हणजे मशिनचा ओळख-आकडा, मदरबोर्डवरच्या एम48टी59 या चिपमध्ये असतो आणि तिची बॅटरी चिपच्या पोटातच असते. ती संपली की होस्टआयडी जातो, आणि आर्क-इन्फोचं लायसन्स त्याच आकड्याला बांधलेलं आहे. मग कार्ड कितीही छान चालो, डावीकडची खिडकीच उघडणार नाही. आज मशिन चालू असेल तर आजच ओके प्रॉम्प्टवर (सोलारिस सुरू होण्याआधीच्या आज्ञेच्या ओळीवर) बॅनर लिहून पाहा आणि होस्टआयडी, इथरनेटचा पत्ता कागदावर उतरवून ठेवा. आकडे हाताशी असले तर नव्या चिपमध्ये ते पुन्हा भरता येतात. माझे नकाशांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहेत.

कोणी म्हणेल, क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये कव्हरेज उघडतात, मग हा खटाटोप कशाला? खरं आहे, नुसता डेटा काढायचा असेल तर तोच रस्ता धरा, मीही तरुण मुलांना तेच सांगतो. माझ्याकडे मात्र वीस-बावीस एएमएल (आर्क-इन्फोसाठी लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) आहेत, उतार, पाणलोटाची हद्द, नाल्यांची प्रतवारी काढणारे. ते आर्क-इन्फोशिवाय चालत नाहीत, आणि पुन्हा लिहायला माझ्याकडे तेवढे दिवस नाहीत. ज्याच्याकडे सोलारिसवरचं जुनं काम नाही त्यानं हे कार्ड घेऊ नये. विंडोज 2000 ची मदत, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 13 जुलै 2010 ला संपली, म्हणून कार्डाच्या नेटवर्कच्या तोंडाला मी केबल लावलेलीच नाही.

आतापर्यंत नाग नदीच्या पाणलोटाचे अकरा नकाशे असे बाहेर काढले. पिवळी नदीचे चार बाकी आहेत. त्याच मापाचे आणखी दोन पंखे आणून ठेवले आहेत, पुढच्या मार्चात एक बदलेन.