मिशन केंद्रातला स्टीलचा कँडल फिल्टर: परदेशी सेवेला निघालेल्यांसाठी परीक्षण

आफ्रिकेत मिशनकार्यासाठी येणाऱ्या धर्मभगिनी, फादर आणि स्वयंसेवक निघण्यापूर्वी औषधे, मच्छरदाणी आणि कपडे यांची चौकशी करतात. पिण्याच्या पाण्याची व्यवस्था मात्र तिथे गेल्यावर पाहू, असे बहुतेकांना वाटते. टांझानियात अरुशाजवळ, मेरू पर्वताच्या उतारावरील आमच्या छोट्या कॉन्व्हेंटमध्ये राहणाऱ्या मला या विषयावर लिहावेसे वाटले ते त्यामुळेच. परीक्षणाची वस्तू मराठी घरांना चांगली परिचयाची आहे: एकावर एक बसणारी स्टीलची दोन भांडी, वरच्या भांड्यात पांढऱ्या मातीच्या दोन कँडल आणि खालच्या भांड्याला तोटी. आरओची यंत्रे येण्यापूर्वी हा फिल्टर आपल्याकडे ओट्यावर सर्रास दिसत असे. वीज आणि नळाचे पाणी यांचा भरवसा नसलेल्या ठिकाणी चार-सहा माणसांच्या घरासाठी याहून चांगली वस्तू माझ्या पाहण्यात नाही. मात्र त्याच्याकडून काय होते आणि काय होत नाही, हे नीट समजून घेणाऱ्यानेच तो वापरावा.

आमच्याकडे पाण्याचे दोन स्रोत आहेत. डोंगरातून पाइपने येणारे झऱ्याचे पाणी बाराही महिने असते, पण पाऊस झाला की गढूळ होते आणि मध्येच बंदही पडते. दुसरे पावसाचे पाणी. पत्र्याच्या छपरावरून पन्हळीने ते टाकीत उतरवलेले आहे. मार्च ते मे या मोठ्या पावसात, ज्याला इथे मसिका म्हणतात, टाकी भरून वाहते. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या वुली नावाच्या लहान पावसात जमेल तेवढी भर पडते. पहिल्या सरीचे पाणी आम्ही टाकीत घेत नाही, कारण छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा त्याबरोबर वाहून येते. सकाळची प्रार्थना आटोपली की ज्या भगिनीची पाळी असेल ती टाकीतले निवळलेले पाणी सुती कापडातून गाळून वरच्या भांड्यात ओतते, आणि रात्री जपमाळेनंतर पुन्हा एकदा भरते. स्वच्छ कँडल तासाला साधारण एक ते दोन लिटर पाणी देते. म्हणजे दोन कँडलचा फिल्टर रात्रभरात खालचे भांडे भरून ठेवतो आणि सकाळी चहापासून दवाखान्यात न्यायच्या बाटल्यांपर्यंत सगळ्याची सोय होते. इथे दारात आलेल्या माणसाला आधी पाणी द्यावे लागते, आणि भेटायला येणाऱ्यांची वर्दळ दिवसभर असते. त्यामुळे घरातल्या माणसांच्या गरजेच्या दुप्पट पाणी धरूनच फिल्टरचा आकार ठरवावा.

कँडलची माती ही डायटम नावाच्या अतिसूक्ष्म शैवालांच्या कवचांपासून बनलेली असते. तिची छिद्रे इतकी बारीक असतात की कॉलरा, टायफॉइड आणि हगवणीचे जिवाणू, तसेच जिआर्डिया व अमिबा या आतड्यांतील परजीवींचे कोष तिच्या भिंतीबाहेर अडकून राहतात. गाळलेल्या पाण्याचे महत्त्व युरोपला पटले ते १८९२ साली, जेव्हा हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याने हाहाकार माजवला आणि त्याला लागूनच असलेले आल्टोना, एल्बे नदीचेच पाणी वाळूतून गाळून पीत असल्यामुळे, बव्हंशी वाचले. डायटमी मातीची कँडल जर्मनीत त्याच सुमारास तयार झाली आणि उष्ण कटिबंधातील दवाखाने, छावण्या व मिशन केंद्रे यांत पोचली. त्याआधीच्या काळात काय होत असे, याची साक्ष इथल्या किनाऱ्यावर आहे. १८६८ साली स्थापन झालेल्या बागामोयो मिशनच्या दफनभूमीत तरुण वयात वारलेल्या मिशनऱ्यांची थडगी आहेत. ताप आणि पोटाचे विकार यांनी त्या पिढीची फार मोठी हानी केली, आणि म्हणूनच पाण्याच्या बाबतीत हलगर्जी करणाऱ्या नव्या माणसाला मी कडक शब्दांत समज देते.

फिल्टर घेताना दुकानदार जी गोष्ट सांगत नाही ती म्हणजे निगा. पाण्याची धार मंदावली की कँडल काढायची, स्वच्छ पाण्यात धरायची आणि मऊ ब्रशने वरून खाली हलक्या हाताने घासायची. करड्या-तपकिरी रंगाचा बुळबुळीत थर निघून आतली पांढरी माती दिसू लागते, बोटांना ती किंचित खरखरीत लागते आणि धुतलेल्या पाण्याला दुधासारखा रंग येतो. तेवढ्यावर थांबायचे. साबण अजिबात लावायचा नाही, कारण तो छिद्रांत शिरतो आणि पुढे कित्येक दिवस पाण्याला त्याची चव येते. प्रत्येक घासणीत भिंत थोडी झिजते, म्हणून कँडल कायमची नसते. आमच्या वापरात ती वर्षभर टिकली तरी पुष्कळ झाले. बुडाला जिथे माती प्लास्टिकच्या बैठकीला चिकटवलेली असते, तो सांधा आणि केसाएवढ्या बारीक चिरा यांकडे विशेष लक्ष द्यावे. चीर शंकास्पद वाटली तर कँडल पाण्यात पूर्ण बुडवून तिच्या नळीतून हळूच फुंकर मारावी. एकाच जागेतून बुडबुड्यांची रांग निघाली तर ती कँडल त्याच क्षणी बाद समजावी. फुटकी कँडल ही कँडल नसण्यापेक्षा वाईट, कारण पाणी स्वच्छ दिसते आणि माणूस निर्धास्त राहतो. नवी कँडल बसवल्यावर पहिल्या दोन-तीन भरण्यांचे पाणी झाडांना घालावे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. हा फिल्टर पाण्यात विरघळलेले काहीही काढू शकत नाही, आणि आमच्या भागात त्याचा अर्थ फार गंभीर आहे. मेरू आणि किलिमांजारो हे ज्वालामुखी पर्वत आहेत. इथल्या खडकांमुळे झरे, ओढे आणि विहिरींत फ्लोराइडचे प्रमाण पुष्कळ ठिकाणी धोकादायक असते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे आणि इथले कित्येक झरे तिच्या कितीतरी पुढे जातात. आमच्या शाळेत मुले हसली की तपकिरी डागांचे दात दिसतात. काही गावांत वाकलेल्या पायांची मुले भेटतात. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांनी हेच दुखणे सोसले आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ते नवीन वाटू नये. हे पाणी कँडलमधून कितीही वेळा गाळले तरी फ्लोराइड तसेच राहते, आणि उकळले तर वाफ उडून गेल्यामुळे त्याचे प्रमाण उलट वाढते. त्यात घेवडा लवकर शिजावा म्हणून घातला जाणारा मगाडी नावाचा खार, जो आपल्या पापडखारासारखाच दिसतो, स्वतःबरोबर आणखी फ्लोराइड आणतो. जवळच न्गुरडोटो येथे हाडांच्या कोळशाने फ्लोराइड काढण्यावर काम करणारे सरकारी केंद्र आहे आणि त्या पद्धतीचे फिल्टर काही गावांत वापरलेही जातात. आम्ही आमच्या घरात एक सरळ नियम केला आहे: पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी फक्त पावसाचे पाणी, तेही कँडलमधून, झऱ्याचे पाणी धुण्याभांड्यांना आणि भाजीच्या वाफ्यांना. शाळेतील लहान मुलांसाठीही हाच नियम लागू केला, कारण दात घडण्याच्या वयातच खरे नुकसान होते. तुम्ही ज्या देशात, ज्या जिल्ह्यात जाणार आहात तिथल्या पाण्याची तपासणी झाली आहे का, हे फिल्टर घेण्याआधी तिथल्या वरिष्ठांना जरूर विचारा.

दुसरी मर्यादा विषाणूंची. कावीळ किंवा लहान मुलांचे जुलाब घडवणारे विषाणू कँडलच्या छिद्रांहून पुष्कळ लहान असतात. त्यामुळे दवाखान्यात बाळांसाठी जलसंजीवनी कालवायचे पाणी आम्ही गाळल्यावर उकळतोही. खळखळून एक मिनिट उकळी पुरेशी असते. समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटे धरावीत. मग सगळेच पाणी का उकळत नाही, असा प्रश्न येतो. इथे बहुतेक चुली कोळशावर चालतात, कोळशासाठी डोंगरावरची झाडे तुटतात, आणि रोजचे वीस-पंचवीस लिटर पाणी उकळून निववणे हे एका माणसाचे अर्ध्या दिवसाचे काम होते. ते काम बहुधा सर्वांत धाकट्या मुलीच्या गळ्यात पडते आणि तिचा अभ्यास बुडतो. मला हा फिल्टर प्रिय आहे त्याचे हेही एक कारण आहे.

आरओचे यंत्र पाठवू का, असे विचारणाऱ्या हितचिंतकांना माझे सांगणे आहे की ते फ्लोराइड काढते हे खरे, आणि जिथे बोअरवेलच्या पाण्याला दुसरा पर्यायच नाही तिथे त्याचा विचार अवश्य व्हावा. पण त्याला वीज हवी, पाण्याला दाब हवा, त्याचे भाग जवळच्या शहरात मिळायला हवेत, आणि गाळताना ते बरेच पाणी वाया घालवते. टाकीतील पावसाचे पाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बादलीने मोजून वापरणाऱ्या घरात ते परवडत नाही.

खरेदीबद्दल. भांडे भारतातूनच आणावे. वरचा भाग खालच्यात उलटा बसवला की बॅगेत फारशी जागा जात नाही आणि आतल्या पोकळीत कपडे भरता येतात. कँडल हातातल्या सामानात, टॉवेलात गुंडाळून न्याव्यात. जीव वाचवणाऱ्या या भागावर पैसे वाचवू नयेत. एका शहरातील दुकानातून आम्ही घेतलेल्या स्वस्त कँडलचा सांधा थोड्याच दिवसांत सुटला आणि बदलून द्यायला दुकानदाराने साफ नकार दिला. चांदीचा अंश असलेली, नामांकित बनावटीची कँडल महाग पडते, पण आत जिवाणूंची वाढ होऊ देत नाही. स्टीलचे भांडे वर्षानुवर्षे टिकते. बिघडते ती तोटी. प्लास्टिकच्या तोटीऐवजी धातूची बसवून घ्यावी आणि ती भांड्याच्या तळापासून थोडी वर असावी. निघताना कँडलची एक जादा जोडी, रबरी वायसरची पुडी, एक सुटी तोटी आणि दोन मऊ ब्रश एवढे सामान सोबत ठेवलेत, तर पहिले वर्ष बाजाराच्या भरवशावर राहावे लागणार नाही.