जुन्या एमटीबीची ग्रॅव्हल सायकल: एक पावसाळा आणि एक गळीत हंगाम वापरल्यावर

कोल्हापुरातून कुठंही निघा, ठरवलं तर अर्ध्या तासात डांबर सुटतं. पाणंदीत काळी माती, कालव्याकडेला खडी, पन्हाळ्यामागं मसाई पठाराकडं वळलं की तांबडा जांभा. मला एकच सायकल हवी होती. सकाळी रंकाळ्याला फेरी मारायची आणि सुट्टीला पिशव्या बांधून राधानगरीकडं जायचं, दोन्ही तिच्यावरच. दुकानातल्या तयार ग्रॅव्हल सायकली, म्हणजे डांबरावर आणि खडी-मातीवर दोन्हीकडं चालणाऱ्या, चालवून पाहिल्या. चांगल्या आहेत, पण किंमत ऐकून जुनी फ्रेम शोधायला लागलो.

मिळाली ती क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) पोलादाची, पुढं सस्पेन्शन नसलेली २६ इंची एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक. अशी फ्रेम दिसली तर सोडू नका. दोन इंची टायर सहज बसतो, वर मडगार्डला जागा उरते, आणि पोलाद असल्यानं जोडकाम होतं. कॅरियर बसवायला मागं भोकं नव्हती. उद्यमनगरात एकानं पितळी झाळ देऊन आटे पाडलेले छोटे तुकडे जोडून दिले. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला हे इतक्या सहज झालं नसतं. रंग मात्र नंतर द्या, आधी दिला तर झाळीनं जळतो.

टायर घेताना ‘२६’ एवढंच बघू नका, बाजूला छापलेला आकडा बघा, म्हणजे टायर रिमवर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. एमटीबीच्या रिमचा ५५९. साध्या सायकलींचा २६ बाय १ ३/८ हा टायर ५९० चा असतो, तो या रिमवर बसत नाही. ग्रॅव्हलवाल्यांच्या ७०० सी चाकांचा आकडा ६२२. ती चाकं खड्ड्यांतून थोडी गुळगुळीत जातात हे खरं. पण ५५९ ची ट्यूब आणि टायर तालुक्याच्या गावातल्या दुकानातही मिळून जातो, म्हणून मी चाकं बदलली नाहीत. छत्तीस तारांची नवी रिम तेवढी भरून घेतली.

पैसे कुठं घालायचे म्हणाल तर खालच्या गिअरवर. पुढच्या तीन चेनरिंगना (पायडलजवळच्या चक्रांना) ४२-३२-२२ दात, मागच्या आठ चक्रांच्या कॅसेटला ११ ते ३४. सगळ्यात हलक्या गिअरला पायडलची एक फेरी म्हणजे साधारण १.३ मीटर. पुढं ४० ची एकच चेनरिंग आणि मागं ४२ पर्यंतची कॅसेट, या हल्लीच्या जोडणीत तेच अंतर दोन मीटरांच्या वर जातं. मोकळ्या सायकलवर फरक जाणवत नाही. मागं सामान बांधून पन्हाळा चढायला घ्या, मग कळतो. वेग ताशी चार-पाच किलोमीटरवर येतो, पण उतरून ढकलावं लागत नाही. तीन चेनरिंग जुनाट दिसतात म्हणणाऱ्यांनी खुशाल एक लावावी.

ड्रॉप हँडल (रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं) लावलं तरच ग्रॅव्हल, हेही मला पटत नाही. हिच्या व्ही-ब्रेकला (रिमला दोन्हीकडून दाबणाऱ्या ब्रेकला) केबल जास्त ओढावी लागते, ड्रॉप हँडलचे नेहमीचे लिव्हर तेवढी ओढत नाहीत, मग वेगळे लिव्हर शोधा. मी मागं झुकलेलं सपाट हँडल आणि टोकाला बार-एंड (धरायची छोटी शिंगं) लावले. मनगटं दुखत नाहीत.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. पावसाळ्यात रिम ब्रेक नकोसे होतात. जांभ्याची तांबडी रेव पॅड आणि रिममध्ये अडकते आणि सँडपेपरसारखी घासते. पॅड पाऊस संपायच्या आत संपले, ते स्वस्त असतात. रिमची भिंत झिजते ते महाग पडतं. गगनबावड्याहून भुईबावडा घाट पावसात उतरताना ब्रेक दाबल्यावर पहिलं क्षणभर काहीच होत नाही, आधी पाणी निपटतं, मग पकड येते. सोबत डिस्क ब्रेकवाला होता, तो निवांत होता. काळ्या मातीत आणखी वेगळी तऱ्हा: ती मडगार्डखाली भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. ओल्या पाणंदीत जायचं तर मडगार्ड उंच बसवा, नाहीतर काढूनच ठेवा.

नदीकाठच्या फेऱ्या पावसाळ्यात तशाही बंदच. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे हे आमचे खरे शॉर्टकट. सायकल बंधाऱ्यावरून नेली की पलीकडच्या गावात. पण राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला पोचायच्या कितीतरी आधी बाकीचे बंधारे पाण्याखाली गेलेले असतात. पाऊस ओसरून बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालायची वेळ झाली की हे रस्ते परत मोकळे होतात. या सायकलचे सगळ्यात चांगले दिवस तेच, दिवाळीपासून पुढचे.

फक्त तोवर ऊस सुरू झालेला असतो. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, वर मोठ्यानं गाणी; मागून घंटी वाजवून काही उपयोग नाही. आरसा लावा. रस्त्यावर सांडलेलं वाडं (उसाचे शेंडे) चाकाखाली गेलं तर हरकत नाही, पण ते मागच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत) गुंततं. दोनदा थांबून उपसावं लागेल, पण जोर लावून पायडल मारू नका, डिरेलर धरणारा हँगर वाकतो.

ट्यूबलेस केलं नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आतलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) काही महिन्यांत वाळतं, आणि ते वाळलं की बाभळीचा काटा लागल्यावर गावातला पंक्चरवाला हात लावत नाही. मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हच्या ट्यूब घातल्यात, कुठंही हवा भरता येते. पुढं ३५, मागं सामान असेल तर ४५ पीएसआय.

हायवेला पहाटे घोळक्यात पळणाऱ्यांसाठी ही सायकल नाही. साडेचौदा किलो वजन आणि दोन इंची टायर, पंचविसाच्या पुढं धाप लागते. एकट्यानं किंवा दोघांनी, कळे गावात चहा घेत गगनबावड्याला जायचं असेल तर हिच्यावर समाधान आहे. पुढच्या मृगाआधी डिस्कच्या माउंटचा पोलादी फोर्क आणि पुढं डिस्कचं हब घालायचं नक्की केलंय. मागचा व्ही-ब्रेक तसाच राहील, उतारावर खरा जोर पुढच्याच ब्रेकवर येतो.