दहा हजारांच्या आतली कार सीट आणि आंबोलीचा घाट

ऑनलाइन ‘बेबी कार सीट’ शोधलं की पहिल्या पानावर जी हमखास दिसते, तिच्याबद्दल हे परीक्षण आहे. शून्य ते १८ किलो वजनाच्या मुलांसाठी, गाडीच्याच सीटबेल्टने बांधायची, आधी मागे तोंड करून आणि नंतर पुढे तोंड करून वापरायची सीट. किंमत साधारण दहा हजारांच्या आत. कंपनीचं नाव आणि कापडाचा रंग सोडला तर सांगाडा बराचसा सारखाच, त्यामुळे इथे एक ब्रँड नाही, ही जातच तपासली आहे. कसोटीला रस्ता धरलाय पुणे, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी असा. कोल्हापूरपर्यंत सुमारे २३० किलोमीटर हायवे, पुढे वळणावळणाचा रस्ता आणि शेवटी घाट.

निकाल आधीच सांगून टाकतो: पैसे वसूल आहेत, पण गाडीत नीट बांधता आली तर. सैल बसलेली सीट म्हणजे ब्रेक लागल्यावर पोरासकट पुढे येणारं सहा-सात किलोचं ओझं. आणि सैल बसणं हा या सीटचा मूळ आजार आहे.

सीट हातात आली की ती पालथी घाला आणि नारिंगी लेबल शोधा. वर्तुळातला ‘ई’ आणि त्यापुढचा आकडा म्हणजे मान्यता देणारा देश: १ जर्मनी, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन. त्यावर ‘युनिव्हर्सल’ (म्हणजे बहुतेक गाड्यांत बेल्टने बसणारी), किलोची मर्यादा आणि ‘वाय’ हे अक्षर असतं. ‘वाय’ म्हणजे दोन पायांमधून वर येणारा पट्टा आहे. मान्यता क्रमांक ०४ ने सुरू व्हायला हवा. लेबल नसेल तर ती सीट नाही, खुर्ची आहे; परत पाठवा. हे लेबल ईसीई आर४४/०४ या, मुलांच्या सीटच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमाचं. नियम तसा जुना. युरोपात सप्टेंबर २०२४ पासून या नियमाच्या नव्या सीट विकायला बंदी आहे, तिथे आता आर१२९ हा नवा नियम चालतो. आपल्याकडे मात्र त्या सर्रास मिळतात. फरक एवढाच लक्षात ठेवा की बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणी आर४४ मध्ये नाही, आर१२९ मध्ये आहे.

लेबलवर आणखी एक आकडा बघायचा, आणि जाहिरातीत तोच दडवलेला असतो: मागे तोंड करून किती किलोपर्यंत? काही सीटवर फक्त १०, काहींवर १३. दहा किलोची सीट अंगाने भरलेल्या बाळाला वर्षभरातच अपुरी पडते आणि मग त्याला नाइलाजाने पुढे वळवावं लागतं. लहान मुलाचं डोकं धडाच्या मानाने जड असतं आणि मान कच्ची. समोरून धडक झाली तर मागे तोंड असताना तो झटका आख्ख्या पाठीवर वाटला जातो, पुढे तोंड असताना सगळा मानेवर येतो. आर१२९ मध्ये किमान १५ महिने मागे तोंड सक्तीचं आहे ते यासाठीच. आर४४ नऊ किलोनंतर वळवायची मुभा देतो, ती मुभा घेऊ नका. तेव्हा १३ किलोवालीच घ्या, हजार-पाचशे जास्त गेले तरी.

आता बांधणं. सीटच्या अंगावर गाडीचा पट्टा कुठून जायचा त्याच्या रंगीत खुणा असतात: मागे तोंड असेल तर निळ्या, पुढे तोंड असेल तर लाल. खुणा चुकल्या तर बाकी सगळं बरोबर करूनही उपयोग नाही. मागच्या सीटवर डावीकडे बसवा. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे ढाब्यावर थांबल्यावर मूल ट्रकच्या बाजूला न उतरता कडेला उतरतं. पट्टा आत घालून बकल लावा, सीटच्या बैठकीत गुडघा रोवून अंगाचा भार द्या, आधी कमरेचा पट्टा खेचा, मग तिरका, आणि भार तसाच ठेवून सीटवरची लॉक-क्लिप, म्हणजे पट्टा जागीच पकडून ठेवणारा चाप, दाबा. ही क्लिप लोक विसरतात. आपल्या गाड्यांचे मागचे बेल्ट एरवी मोकळे सरकतात, झटका बसला तरच अडकतात. क्लिप उघडी राहिली तर कात्रजला घट्ट असलेली सीट साताऱ्यापर्यंत सैल झालेली असते.

तपासायचं कसं? पट्टा जिथून जातो तिथेच सीट धरून डावी-उजवीकडे हलवा. एका इंचाहून जास्त हलली तर सोडून पुन्हा बांधा. सीटचं वरचं टोक धरून हलवू नका, ते हलणारच. त्यावरून घाबरून लोक दोरीने, ओढणीने सीट हेडरेस्टला बांधतात. ते करू नये.

तीन ठिकाणी गाडी आडवी येते. पहिलं, मागे तोंड करून बांधताना पट्टा सीटच्या पाठीमागून फिरवून आणावा लागतो, त्याला लांबी जास्त लागते. काही जुन्या हॅचबॅकमध्ये तो चार बोटं कमी पडतो. ॲक्सेसरीच्या दुकानात बेल्ट एक्स्टेंडर मिळतो, तो लावायचा नाही. त्या गाडीत ती सीट बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुसरं, बकलचा दांडा लांब असला की बकल नेमकं प्लास्टिकच्या खाचेवर येऊन बसतं. वरून घट्ट वाटतं, पण पट्टा पुढे खेचला जात नाही आणि धडकेत बकल त्या कडेवर वाकून तुटू शकतं. दुसऱ्या बाजूच्या बेल्टवर करून बघा, जमलं तर ठीक. तिसरं, हेडरेस्ट. पुढे तोंड करून बसवताना तो सीटला पुढे ढकलतो आणि पाठीमागे पोकळी राहते. काढता येत असेल तर काढून डिकीत टाका. स्वस्त गाड्यांत तो बॅकरेस्टला जोडलेलाच असतो, तिथे हा सांधा कायमचा कच्चा राहतो.

मागे तोंड केल्यावर छोट्या बाळासाठी पाठीचा कोन साधारण ४५ अंश हवा, नाहीतर हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. कोन मोजायला चौकोनी कागद कोपऱ्याला कोपरा लावून दुमडा, तिरपी कड म्हणजे ४५. आपल्या बऱ्याच गाड्यांची मागची बैठक मागे उतरती असते, त्यामुळे सीट उभट बसते. माहितीपुस्तकात परवानगी असेल तर पायथ्याच्या बेचक्यात टॉवेलची घट्ट गुंडाळी घाला.

आतले, मुलाला बांधायचे पट्टे खांद्यांच्या मानाने लावायचे: मागे तोंड असताना खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खाली, पुढे तोंड असताना बरोबरीने किंवा किंचित वर. या किमतीत उंची बदलायला सीटच्या मागून पट्टे लोखंडी पट्टीतून सोडवून वरच्या खाचेत ओवावे लागतात. हे काम घरी, दिवसाउजेडी करा. शिरवळच्या पुढे मोबाइलच्या उजेडात पट्टा पिळलेला राहतो आणि लक्षातही येत नाही. घट्टपणा बघायला गळ्याच्या हाडाजवळ पट्टा चिमटीत धरा. चिमटीत घडी आली तर अजून खेचा. पहाटे निघताना स्वेटर घालून पट्टा बांधला की तो स्वेटरच्या जाडीइतका सैलच असतो. स्वेटर काढून वरून दुपटं पांघरा.

सीटचा सगळ्यात त्रासदायक भाग म्हणजे मुलाचे पट्टे सोडवायचं बकलवरचं लाल बटण. ते मुद्दामच कडक असतं, नियमानुसार उघडायला ४० ते ८० न्यूटन जोर लागतो, म्हणजे मोठ्यांच्या अंगठ्याला बऱ्यापैकी. त्यात बिस्किटाचा चुरा आणि लाडवाचे कण गेले की ते आणखी अडकतं. तेल घालू नका, तेलाने चुरा चिकटून बसतो. कोमट पाणी ओतून, उलटं करून, झटकून वाळवा.

उन्हाळ्यात दुसरी तक्रार येते. कापड पॉलिएस्टरचं, पाठीला खोलगट, आणि मागे तोंड असलेल्या बाळापर्यंत एसीची हवा पोचतच नाही. पाठ ओली, पोर चिडचिडं. बाजारात मिळणारं सुती कव्हर सुटसुटीत वाटतं, पण जाड अस्तराने पट्टे सैल होतात. त्यापेक्षा दर दोन तासांनी उतरवून पाठ मोकळी करा. तान्हं असेल तर त्याहून लवकर. गाडी उन्हात उभी करताना सीटवर पांढरा पंचा टाका आणि परत बसवताना बकलचं लोखंड हाताच्या पाठीने चाचपा. कोल्हापूरला मे महिन्यात दुपारी जेवायला थांबलात तर ते चटका देईल इतकं तापतं.

पुढे तोंड करून झोपलेल्या मुलाची मान पुढे लोंबते, कारण या सीट फारशा मागे कलत नाहीत. दोन-अडीच वर्षांच्या मुलासाठी हे दिसायला वाईट, धोक्याचं नाही. कपाळाला बांधायच्या पट्ट्या मिळतात, त्या अजिबात घेऊ नका. तान्ह्या बाळाची मान मात्र अशी पडत असेल तर थांबून कोन सुधारा.

घाटात खरी परीक्षा होते ती कापडाची. दोन वर्षांच्या आत गाडी फारशी लागत नाही, त्यापुढच्या मुलांना लागते. आजऱ्याला थांबून थोडा मऊ दहीभात द्या, पोट तुडुंब नको आणि रिकामंही नको. मोबाइल काढून घ्या, काच बोटभर खाली करा. वाटेत तोंडात काहीतरी हवं म्हणून शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न देऊ नका. वळणावर ठसका लागून घशात अडकतात आणि पुढच्या सीटवरून हात पोचत नाही. उलटी झालीच तर कव्हर सुटं होतं आणि साध्या पाण्यात निघतं, हा या सीटचा मोठा गुण. पट्टे मात्र ओल्या फडक्याने पुसायचे. भिजत घालून, ब्लीच लावून धुतले की त्यांचा धागा कमजोर होतो.

इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पोर रडतं, आजी म्हणतात, ‘एवढ्या घाटापुरतं दे की मांडीवर.’ नेमक्या त्याच वळणांवर समोरून एसटी येते. रडणं थांबत नसेल तर गाडी थांबवा, मोकळ्या जागी पाच मिनिटं उतरा, पुन्हा बांधा, मग निघा. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ ब १४ वर्षांखालच्या मुलाला बांधलं नाही तर १,००० रुपये दंड सांगतं, पण आजींना दंडापेक्षा थांबलेली गाडी जास्त पटते.

आयसोफिक्सची, म्हणजे बेल्टऐवजी गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या लोखंडी कड्यांत अडकवायची सीट घ्यावी का? गाडीत आयसोफिक्सचे कडे असतील आणि बजेट दुप्पट नेता येत असेल तर हो. बैठक आणि पाठ यांच्या सांध्यात बोट घालून बघा. दोन कड्यांमध्ये २८ सेंटिमीटर अंतर असतं. शोरूममधून चढवलेल्या रेक्झिनच्या सीटकव्हरखाली ते बऱ्याचदा गाडले जातात आणि मालकाला पत्ताही नसतो. त्या जोडणीत चुकायला जागाच कमी. पण माहेरी वेगळी गाडी, सासरी वेगळी आणि मध्येच भाड्याची, असं असेल तर बेल्टवालीच बरी. भाड्याच्या गाडीत मागची बकलं सीटकव्हरच्या आत कोंबलेली असतात, त्यामुळे बुकिंग करतानाच ‘मागचे बेल्ट वर काढून ठेवा’ असं ड्रायव्हरदादांना सांगा. पुढच्या सीटवर, एअरबॅग चालू असताना, मागे तोंड करून बाळ कधीही बसवायचं नाही. गाडी कोणाचीही असो.

मावशीच्या मुलाची वापरलेली सीट चालेल, पण दोन अटींवर. ती अपघातात सापडलेली नसावी आणि तिच्या बुडाशी प्लास्टिकमध्ये उमटवलेलं घड्याळासारखं चक्र तपासावं: मधला आकडा वर्ष, बाण महिना. माहितीपुस्तकातलं आयुष्य त्यावरून मोजा. आणि मूल आत्ताच १५-१६ किलोचं असेल तर ही सीट नवीही घेऊ नका, १८ किलोला ती संपते. सरळ बूस्टरपर्यंत (मोठ्या मुलाला उंच बसवून गाडीचाच बेल्ट नीट लागेल अशी बैठक) जाणारी मोठी सीट बघा.