ऑब्सिडियन: काही महिन्यांच्या मराठी वापरानंतर

नोंदींच्या ॲपची परीक्षा पहिल्या आठवड्यात होत नाही. तेव्हा सगळीच ॲप्स चांगली वाटतात, कारण नोंदी थोड्या असतात आणि त्या सगळ्या आपल्या लक्षातही असतात. कस लागतो तो शेकडो नोंदी साचल्यावर, आपण कधी काय लिहिले होते हे विसरून गेल्यावर. ऑब्सिडियन मी गेल्या पावसाळ्यापासून रोज वापरते आहे. एकीकडे घरातली बिले, वडिलांची औषधे, सोसायटीच्या बैठकांतले मुद्दे आणि दुसरीकडे सातारा जिल्ह्यातल्या वीरगळांची, म्हणजे वीरांच्या स्मारकशिळांची, नोंदणी, असा माझा दुहेरी वापर आहे. त्यामुळे साधी नोंदवही हवी असणाऱ्यांसाठी आणि अभ्यासाचे साधन शोधणाऱ्यांसाठीही काही उपयोगाचे सांगता येईल असे वाटते.

शिडा ली आणि एरिका शू या दोघांनी २०२० साली हे ॲप लोकांसमोर आणले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. त्याचे वेगळेपण एका निर्णयात आहे. तुमच्या नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर किंवा एखाद्या बंद डेटाबेसमध्ये न जाता तुमच्याच संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइल म्हणून राहतात. या फाइल मार्कडाउन पद्धतीने, म्हणजे शीर्षक, यादी वगैरे साध्या चिन्हांनी दाखवून, लिहिलेल्या असतात. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत इतकी साधी आहे की चिन्हांसकट मजकूर वाचला तरी अर्थ लागतो. मी मुद्दाम संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन, ऑब्सिडियन नसलेल्या जुन्या संगणकावर नोटपॅडमध्ये उघडून पाहिला. प्रत्येक शब्द वाचता आला. याआधी मी वापरत असलेल्या एका ॲपमधून नोंदी बाहेर काढताना तारखा आणि चित्रे यांची ताटातूट झाली होती, म्हणून ही गोष्ट माझ्या दृष्टीने बाकीच्या सर्व सोयींच्या आधी येते. स्वतः ऑब्सिडियन मुक्तस्रोत नाही, म्हणजे त्याचा मूळ कोड सर्वांना खुला नाही, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे. उद्या ते बंद पडले तर ॲप जाईल. मजकूर जाणार नाही.

रोजच्या वापराला फार शिकावे लागत नाही. दैनंदिन नोंदीची सोय चालू केली की एका बटणावर त्या तारखेचे पान उघडते, त्यात चौकटीवाली कामांची यादी करता येते, आणि दोन-तीन अक्षरे टाइप केली की हवे ते पान समोर येते. चुकून मजकूर पुसला गेला तर फाइल रिकव्हरी नावाच्या अंगभूत सोयीतून जुनी प्रत परत घेता येते. ती मूळ सेटिंगमध्ये सात दिवसांच्या प्रती ठेवते. वडिलांच्या औषधांचे एक पान, प्रत्येक डॉक्टरचे एक पान आणि तपासण्यांचे एक पान एवढेच मी केले, आणि त्यांची नावे दुहेरी चौकटी कंसांत लिहून ती एकमेकांना जोडली. आता डॉक्टरांच्या पानावर गेले की त्यांचा उल्लेख कोणकोणत्या दिवशीच्या नोंदीत झाला आहे हे खाली आपोआप दिसते. घरातल्या माणसाचे आजारपण सांभाळणाऱ्याला या एका सोयीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. स्मरणघंटा मात्र यात नाही. औषधाची वेळ झाली हे ऑब्सिडियन सांगणार नाही. त्यासाठी फोनमधला गजरच लावावा लागतो.

जोडण्यांचे खरे सामर्थ्य अभ्यासात कळते. वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या वीराचे स्मारकशिळेवर कोरलेले चरित्र, आणि ते खालून वर वाचायचे असते: सर्वांत खाली युद्ध किंवा गायींच्या रक्षणाचा प्रसंग, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर कलश व चंद्रसूर्य. वाईजवळच्या किकलीत भैरवनाथाच्या मंदिरापाशी असे वीरगळ मोठ्या संख्येने आहेत; सज्जनगडाच्या पायथ्याच्या परळीतही आहेत. वहीत मी हे गावाप्रमाणे लिहीत असे. त्यामुळे ‘गोधनरक्षणाचा प्रसंग कोणकोणत्या गावी दिसतो’ असा प्रश्न पडला की सगळ्या वह्या चाळाव्या लागत. आता प्रत्येक शिळेला एक पान आहे आणि त्या पानातून गाव, प्रसंग, शस्त्र, मंदिर या पानांकडे जोडण्या जातात. ‘गोधनरक्षण’ हे पान उघडले की त्याकडे येणाऱ्या सर्व शिळा एकत्र दिसतात. पानाचे नाव बदलले तर सर्वत्र जोडणीही बदलते, म्हणून सुरुवातीला नावे अचूक सुचली नाहीत तरी काम अडत नाही. ठिपक्यांचा आणि रेषांचा जो आलेख हे ॲप काढून दाखवते त्याची छायाचित्रे सर्वत्र दिसतात, पण माझ्या कामात त्याचा उपयोग एवढाच झाला की कोणतीही जोडणी नसलेली पाने नजरेस आली.

मराठीत लिहिणाऱ्याने मात्र काही गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. त्या ऑब्सिडियनपुरत्या नाहीत, पण साध्या मजकुरावर उभ्या असलेल्या कोणत्याही ॲपमध्ये त्या जास्त जाणवतात. पहिली गोष्ट कीबोर्डची. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्ड मांडणीत चौकटी कंसाच्या कळीवर ड असतो, शीर्षकासाठी लागणाऱ्या # चिन्हाच्या जागी अक्षराच्या पायाशी जोडला जाणारा र (्र) येतो आणि ताऱ्याच्या जागी श्र. म्हणजे मार्कडाउनची जवळजवळ सगळी चिन्हे लिहिण्यासाठी दर वेळी इंग्रजी कीबोर्डवर जाऊन परत यावे लागते. यावर उपाय असा की जोडणी घालणे, शीर्षक करणे, यादी करणे या आज्ञांना सेटिंगमधून आपल्या सोयीच्या कळा नेमून द्याव्यात. हे एकदा केले की मराठी लेखनाचा ओघ तुटत नाही.

दुसरी गोष्ट शब्दरूपांची. ‘सातारा’ या पानाशी जोडायचे असते, पण वाक्यात येते ‘साताऱ्यात’, ‘साताऱ्याहून’, ‘साताऱ्याकडे’. ॲपला विभक्ती कळत नाही. म्हणून जोडणीत आधी पानाचे मूळ नाव, मग उभी रेघ आणि मग वाक्यात दिसायचे रूप असे लिहावे लागते. पानाला पर्यायी नावे देण्याची सोय आहे. तिथे सामान्यरूप एकदा नोंदवून ठेवले की टाइप करताना तेही सुचवले जाते. मी सर्व गावांच्या पानांना असे करून ठेवले आणि तो वेळ पुरेपूर वसूल झाला.

तिसरी गोष्ट सर्वांत नकळत त्रास देणारी आहे. ‘साताऱ्यात’ या शब्दातला ऱ्य युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाणित पद्धतीत, दोन प्रकारे लिहिला जातो: काही कीबोर्ड त्यासाठी स्वतंत्र ऱ वापरतात, तर काही साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. ‘ॲप’ मधला ॲ सुद्धा एकच अक्षर म्हणून किंवा अ आणि वरचा चंद्र असा दोन तुकड्यांत साठवला जाऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. संगणकावर एका पद्धतीने आणि फोनवर दुसऱ्या पद्धतीने टाइप करणाऱ्याच्या नोंदी अशा रीतीने दोन गटांत विभागल्या जातात आणि त्याला ते कळतही नाही. शोधताना शब्दाचा सुरुवातीचा निर्विवाद भाग, म्हणजे इथे ‘साता’, एवढाच टाकणे हा सोपा मार्ग आहे, कारण शब्दाचा तुकडाही या शोधात सापडतो. आणि शक्य असेल तर दोन्ही उपकरणांवर एकाच पद्धतीचा कीबोर्ड ठेवावा. मराठीत गंभीरपणे नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्याच दिवशी तपासावे, असे मी आग्रहाने सांगेन.

पुढच्या पायरीवर जाणाऱ्यांसाठी गुणधर्मांची सोय २०२३ मध्ये आली. पानाच्या वरच्या भागात तालुका, चौकटींची संख्या, दगडाची स्थिती असे रकाने भरता येतात. त्या रकान्यांवरून तक्ते तयार करण्यासाठी पूर्वी डेटाव्ह्यू नावाचे प्लगइन (ॲपला वरून जोडायची जास्तीची सोय) लागे आणि त्याची प्रश्नभाषा शिकावी लागे. २०२५ मध्ये बेसेस ही अंगभूत सोय आल्यापासून तालुकानिहाय यादी, भग्न शिळांची यादी अशा गोष्टी माऊसने निवडून करता येतात, आणि तक्त्यात बदल केला की तो मूळ पानात लिहिला जातो. माझ्यासारख्या, प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या अभ्यासकाला हा फार मोठा फरक आहे.

प्लगइनबद्दल मी थोडी सावध आहे. बाहेरच्या लोकांनी लिहिलेली हजारो प्लगइन्स उपलब्ध आहेत आणि त्यांत कॅलेंडरपासून रेखाटनापर्यंत सर्व काही आहे, परंतु ती ॲपच्याच अधिकारांनी चालतात, म्हणजे त्यांना तुमच्या फाइलपर्यंत पोहोचता येते. यामुळेच नव्या फोल्डरमध्ये ती बंद असतात आणि तुम्ही जाणीवपूर्वक परवानगी दिल्यावरच सुरू होतात. ज्यात आर्थिक किंवा वैद्यकीय माहिती आहे त्या फोल्डरमध्ये मी एकही प्लगइन ठेवलेले नाही. अभ्यासाचा फोल्डर वेगळा केला आहे. दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. एखाद्या प्लगइनची खास भाषा नोंदीत भरत गेलात तर फाइल साधी राहते, पण तिचा निम्मा अर्थ त्या प्लगइनशिवाय लागत नाही. ज्या स्वातंत्र्यासाठी हे ॲप घ्यायचे ते अशा रीतीने आपणच गमावतो. शिवाय प्लगइन वाढली की फोनवर ॲप उघडायला लागणारा वेळही वाढतो, आणि शेतात एखाद्या शिळेसमोर उभे असताना तो वेळ फार वाटतो. तिथे मी अजूनही आधी कागदावर लिहिते.

खर्चाचे बोलायचे तर ॲप मोफत आहे, आणि फेब्रुवारी २०२५ पासून व्यावसायिक वापरासाठीही परवाना घ्यावा लागत नाही. पैसे लागतात ते संगणक आणि फोन यांच्यातल्या नोंदी एकसारख्या ठेवणाऱ्या सिंक सेवेला. तिची सर्वांत लहान योजना वर्षाचे पैसे एकदम भरल्यास महिना ४ डॉलरला पडते. ती सेवा नोंदी तुमच्याच उपकरणावर कूटबद्ध करून पाठवते, ही जमेची बाजू. परंतु त्या योजनेत एकूण जागा १ जीबी आणि एका फाइलची मर्यादा ५ एमबी आहे. मजकुराला एवढी जागा आयुष्यभर पुरेल, पण आजच्या फोनने काढलेले एक छायाचित्र सहज ती मर्यादा ओलांडते. वीरगळाच्या कोरीवकामाचे तपशील वाचायचे तर छायाचित्र लहान करून चालत नाही. म्हणून मूळ छायाचित्रे मी बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवते आणि नोंदीत फक्त लहान प्रत आणि मूळ फाइलचा क्रमांक देते. आयफोन असणाऱ्यांना आयक्लाउडचा पर्याय आहे. अँड्रॉइडवर फोल्डर स्वतःच्या जबाबदारीवर इतर साधनांनी जुळवता येतो, पण दोन निरनिराळ्या पद्धती एकाच फोल्डरवर चालवू नयेत.

एकाच पानावर दोघांनी एकाच वेळी लिहिण्याची सोय नसल्यामुळे नवराबायकोची किराणा यादी, कार्यालयातल्या गटाचे इतिवृत्त किंवा विद्यार्थ्यांबरोबरचे सामूहिक काम यांसाठी हे ॲप योग्य नाही. तिथे गूगल कीप किंवा गूगल डॉक्स अधिक सरळ पडतात. पेनाने टॅबलेटवर लिहिणाऱ्यांनीही वननोटसारखा पर्याय आधी पाहावा. आमच्या गटातले पाच-सहाजण वेगवेगळ्या तालुक्यांत फिरतात. त्यांच्या शिळांची सामाईक यादी आम्ही ऑनलाइन तक्त्यातच ठेवतो, आणि महिन्याअखेरीस माझ्या वाट्याच्या ओळी मी ऑब्सिडियनच्या पानांशी ताडून पाहते.