पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी मॅट लॅमिनेशन, यूव्ही की ॲक्वस कोटिंग?

आमच्या छोट्या प्रकाशनाने यंदा एकच मुखपृष्ठ 300 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाच्या) आर्ट कार्डावर, म्हणजे गुळगुळीत जाड कागदावर, चार रंगांत छापून घेतले आणि त्याच छपाईच्या तावांवर (मोठ्या सुट्या कागदांवर) मॅट थर्मल लॅमिनेशन (उष्णतेने चिकटवलेली, चमक नसलेली प्लास्टिकची फिल्म), पूर्ण यूव्ही (अतिनील प्रकाशाने घट्ट होणारा चकचकीत लेप) आणि ॲक्वस कोटिंग (पाण्यावर आधारित लेप) अशी तीन निरनिराळी आवरणे चढवून घेतली. ही पुस्तके पावसाळ्यातून गेली, प्रदर्शनांत हाताळली गेली आणि काही प्रती दुकानाच्या काचेमागे राहिल्या. त्या अनुभवावर हे परीक्षण आधारलेले आहे. माझे मत आधीच सांगतो. मराठी पुस्तकांत मॅट लॅमिनेशनला मिळणारा मान त्याच्या गुणांपेक्षा मोठा आहे, आणि ॲक्वस कोटिंगची चौकशी फारशी कोणी करत नाही; ती करायला हवी.

आवरण मुळात लागते ते शाईच्या स्वभावामुळे. तावांवर छापणाऱ्या ऑफसेट यंत्राची नेहमीची शाई म्हणजे रंगद्रव्याचे सूक्ष्म कण, रोझिन या झाडाच्या राळेपासून केलेले रेझिन, जवसाचे किंवा सोयाबीनचे तेल, बहुधा थोडे खनिज तेल आणि कोबाल्ट किंवा मँगनीजचे अल्प क्षार. पातळ तेल कागदात शोषले गेले की शाई काही मिनिटांत बसते, पण तिचा थर कडक होतो तो पुढच्या अनेक तासांत, जेव्हा तेलातील दुहेरी बंध हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया करून एकमेकांत गुंततात. क्षार या क्रियेला वेग देतात, दमट हवा तो कमी करते. तोवर एका तावाची शाई दुसऱ्याच्या पाठीला लागू नये म्हणून स्टार्चची भुकटी फवारतात, आणि हीच भुकटी पुढे लॅमिनेशनच्या मुळावर येते: तिच्या कणांभोवती हवा अडकली की गडद रंगावर चंदेरी ठिपके दिसू लागतात. शाई पूर्ण वाळू न देता लॅमिनेशनची घाई करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

थर्मल लॅमिनेशनची फिल्म दोन्ही दिशांना ताणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची असते. तिच्या एका बाजूला ईव्हीए या पॉलिमरचा थर असतो, जो तापलेल्या रुळाखाली मऊ होऊन कागदाला चिकटतो. घासणे, पाणी आणि फाटणे यांपासून इतके संरक्षण दुसरे कोणतेही आवरण देत नाही, हे निःसंशय. दोष दिसतो तो जुलैत. फिल्ममधून ओलावा जवळजवळ जात नाही, मुखपृष्ठाची आतली बाजू मात्र उघडी असते. तिथले तंतू हवेतील दमटपणा शोषून प्रसरण पावतात, बाहेरची बाजू जागची हलत नाही, आणि मुखपृष्ठ भाजलेल्या पापडासारखे बाहेरच्या बाजूला वळते. कोकणातल्या वाचनालयांत हे दृश्य दरवर्षी पाहावे. ओलाव्याशी जुळवून घेणारी नायलॉनची फिल्म हा दोष बराच कमी करते, पण ती महाग असते आणि छोट्या कामासाठी सहजासहजी मिळत नाही.

मॅट फिल्मची आणखी एक गोष्ट खटकली. तिचा खडबडीत पृष्ठभाग प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, त्यामुळे काळा रंग राखाडीकडे झुकतो, आणि त्याच गडद भागावर नखाचा ओरखडा पांढरा उठून दिसतो. मॅट फिल्मवर शीर्षकापुरता स्पॉट यूव्ही (फक्त ठरावीक भागावरचा चकचकीत यूव्ही लेप) मारण्याची जी हौस सध्या आहे तिच्यात वेगळीच जोखीम आहे. पॉलिप्रॉपिलीनला स्वभावतः काहीच नीट चिकटत नाही. म्हणून फिल्मवर विजेच्या कोरोना झोताची प्रक्रिया केलेली असते, पण तिचा परिणाम काळाबरोबर ओसरतो. रीळ जुने असेल, तर साधी चिकटपट्टी लावून ओढताच चकचकीत अक्षरे तिच्याबरोबर निघून येतात. आमच्या एका जुन्या पुस्तकाच्या बाबतीत, दुसऱ्या एका मुद्रकाकडे, असे झाले होते. त्यामुळे नमुना हाती आल्यावर मी आधी ही चाचणी करतो.

पूर्ण यूव्हीचा चकाकीत कोणी हात धरत नाही. ॲक्रिलेट जातीचे रेणू आणि प्रकाशाने क्रिया सुरू करणारे फोटोइनिशिएटर यांचे हे मिश्रण दिव्याखाली क्षणार्धात घट्ट जाळे बनते, म्हणून ताव लगेच रचता येतात. मात्र इतके घट्ट जाळे वाकायला तयार नसते: कण्याच्या घडीवर आमच्या प्रतींना बारीक तडे गेले आणि त्यांतून कागदाचा पांढरा रंग डोकावू लागला. खाली तेलाची शाई कच्ची असेल, तर पहिल्या दिवसाची चकाकी नंतर मंदावतेही. लहान मुले तोंडात घालतात अशा पुस्तकांसाठी मी यूव्ही घेणार नाही, कारण अपुऱ्या प्रकाशात फोटोइनिशिएटरचा अंश मागे राहू शकतो. 2005 मध्ये इटलीत आयटीएक्स नावाचा असाच घटक खोक्यांच्या शाईतून बाळांच्या दुधात उतरल्याचे आढळले आणि ते दूध बाजारातून काढावे लागले होते.

ॲक्वस कोटिंग हे पाण्यात विखुरलेल्या ॲक्रिलिक पॉलिमरच्या सूक्ष्म कणांचे असते. पाणी उडते तसे कण जवळ येऊन एकमेकांत मिसळतात. सोबत अमोनियाही उडून जातो आणि त्याच्यामुळे विरघळलेले रेझिन पुन्हा पाण्याला दाद देईनासे होते. छपाईच्याच यंत्रावर शेवटचे युनिट असेल, तर हे काम त्याच फेरीत होते आणि भुकटीही कमी लागते. आमच्या या प्रती सर्वांत कमी वळल्या, घडीवर तडकल्या नाहीत आणि रद्दीत गेल्यावर त्यांच्या लगद्यात प्लास्टिकची फिल्मही उरणार नाही. उणिवा आहेतच: चकाकी मध्यम असते, ओल्या पेल्याचा डाग राहतो आणि सतत हाताळलेल्या प्रतींचे कोपरे लवकर झिजतात. शाळेच्या पुस्तकांना किंवा वाचनालयाच्या प्रतींना मी तरीही लॅमिनेशनच सुचवीन, तेही ग्लॉस. कथा-कादंबरीला मात्र ॲक्वस पुरेसे आहे.

काचेमागच्या प्रतींबाबत तिन्ही आवरणे सारखीच निरुपयोगी ठरली. उन्हात पिवळा आणि मॅजेंटा (गुलाबीसर लाल) फिके पडले, निळा टिकला आणि मुखपृष्ठावरील चेहरे निळसर झाले. निळ्या शाईतले थॅलोसायनिन हे रंगद्रव्य प्रकाशाला फार चिवट असते; नेहमीची पिवळी आणि मॅजेंटा रंगद्रव्ये तशी नसतात, आणि नेहमीचे पारदर्शक आवरण त्यांना वाचवत नाही. कण्यावर लाल रंग महत्त्वाचा असेल, तर तो चार रंगांच्या मिश्रणातून न काढता प्रकाशाला टिकणाऱ्या क्विनॅक्रिडोन रंगद्रव्याच्या वेगळ्या शाईत छापून द्याल का, असे मुद्रकाला विचारावे. दर वाढतो आणि पाचवी प्लेट लागते, पण पुढच्या आवृत्तीसाठी आम्ही तेच ठरवले आहे, ॲक्वस कोटिंगसह.