घरी शिवलेला कर्टल: टेक्सासचे दोन मोसम वापरल्यावर

निकाल आधीच सांगून टाकते. रेनेसान्स फेअरसाठी, म्हणजे जुन्या युरोपचा काळ उभा करणाऱ्या जत्रेसाठी, स्वतः कपडे शिवणार असाल तर चांगलं कापड आतल्या स्मॉकला, म्हणजे अंगालगतच्या सैल सदऱ्याला, वापरा. फोटोत दिसतो वरचा कर्टल, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा लांब झगा, पण दिवस निभावून नेतो तो स्मॉक.

माझा जोड वसंतात डॅलसच्या दक्षिणेला वॅक्साहाचीला, स्कारबरोच्या जत्रेत घातला. मग शरदात टॉड मिशनला, १९७४पासून भरणाऱ्या टेक्सास रेनेसान्स फेस्टिव्हलमध्ये. स्कारबरोत साल १५३३ आहे असं मानलेलं असतं, इंग्लंडचा राजा आठवा हेन्री आणि राणी अ‍ॅन बोलिन मिरवत असतात. मी त्याच काळातली साधी शहरी बाई व्हायचं ठरवलं. राणीला जड मखमल लागते, आणि टेक्सासच्या मे महिन्यात मखमल म्हणजे शिक्षाच.

स्मॉक शुद्ध लिननचा. बेत आपल्या जुन्या सदऱ्याचाच: सरळ आयताकृती तुकडे, बाजूंना कळ्या, काखेत चौकोनी ठिगळ. कापड वाया जात नाही आणि हात वर केला तरी काख उसवत नाही. घाम शोषतो, वाऱ्यावर लगेच सुकतो, घरी आल्यावर मशीनमध्ये टाकला की झालं. त्या काळीही वारंवार धुतला जायचा तो हाच. वरची लोकर क्वचितच पाण्यात जाई. बेतण्याआधी मात्र लिनन गरम पाण्यातून काढून आटवून घ्याच.

कर्टल खरं तर लोकरीचा हवा. मी उन्हापायी जाड लिननचा केला. जाणकार नाकं मुरडतात, मुरडोत बापडे. पुढून आवळायचा असल्याने एकटीला घालता येतो, नीट बसला तर आत ब्राही लागत नाही. नाडी एकच, खालून वर तिरकी ओवत न्यायची, बुटासारख्या फुल्या नाहीत. नाडीची भोकं कापायची नाहीत: टोच्याने धागे बाजूला सारायचे आणि कडा दोऱ्याने दाट भरून घ्यायच्या. काम महाकंटाळवाणं, पण इतके महिने नाडी ओढूनही एक भोक फाटलेलं नाही. मैत्रिणीच्या विकतच्या बॉडिसची (घट्ट चोळीची) पत्र्याची आयलेटं, म्हणजे भोकांतली कडी, एका मोसमात निखळली.

तक्रार आहे ती कर्टलच्या कडांबद्दल. ताठपणासाठी हार्डवेअरच्या दुकानातले रुंद केबल टाय (वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) आत सरकवलेत. स्वस्त, न गंजणारे, पण टर्की लेग खायला बाकावर बसलं की टोकं पोटात रुततात. टोकं घासून गोल केली, वर चामड्याचा तुकडा शिवला. आता बरं आहे. घेर घोट्याच्या वरच ठेवा. पाऊस पडून गेला की जत्रेत नुसता चिखल असतो, आणि जमिनीला टेकणारा घेर तो सगळा शोषून घेतो.

खिसा नाही, फोन कमरेच्या चामडी बटव्यात.

नोव्हेंबरसाठी आता पातळ लोकरीचा दुसरा बेतायला घेतलाय. बाह्या सुट्या ठेवणार, खांद्याला बंदांनी बांधायच्या. दुपारी उकडलं की सोडून ठेवता येतील.